लाल फ्रॉकवाली मुलगी, आणि एका चित्रकाराचे दोन कसे झाले

लाल फ्रॉक, गळ्यात पोवळ्यांची माळ, हातात पांढरी मांजर, खाली बसलेला कुत्रा. हे चित्र १८३० ते १८३५च्या दरम्यानचं, चित्रकार ॲमी फिलिप्स (नावावरून बाई वाटते, पण बाप्या आहे). पोवळी नुसती हौस म्हणून नव्हती, लहान मुलांना आजारपणापासून जपतात असं तेव्हा मानायचे.

जन्म १७८८चा, अमेरिकेतल्या कनेक्टिकटमधला. १८०९ला मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफिल्डच्या पेपरात त्याची जाहिरात आहे, म्हणजे विशीतच धंद्याला लागलेला. मग जवळपास पन्नास वर्षं कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स, न्यूयॉर्क या तीन राज्यांच्या सीमेवरची गावं. एका घरचं काम झालं की त्यांचे नातेवाईक, शेजारीपाजारी, आणि तिथलं गिऱ्हाईक आटलं की बिऱ्हाड पुढच्या भागात. पॅरिसला शिकून आलेल्या एका नामवंत चित्रकारानं १८२५च्या पत्रात लिहिलंय की पुन्हा सुरुवात करायची झाली तर मीपण या फिलिप्ससारखं फिरून स्वस्तात पोर्ट्रेटं करीन, पैसा त्यातच आहे. खवचटपणा की असूया, तुम्हीच ठरवा.

१८६५ला गेला आणि लोक त्याला साफ विसरले. सह्या फारशा करायचाच नाही, मग नाव राहणार कसं?

खरी भानगड इथून पुढे. १९२४ला कनेक्टिकटमधल्या केंट गावात लोकांनी घरोघरची पूर्वजांची चित्रं मांडली, त्यातली बरीच एकाच हातची दिसत होती, गडद बॅकग्राउंड, लांब मानेच्या, किंचित पुढे झुकलेल्या बायका. नाव माहीत नाही म्हणून त्याला ‘केंट लिम्नर’ म्हणायला लागले (लिम्नर म्हणजे पोर्ट्रेटवाला). दुसरीकडे १८१०च्या दशकातली फिकट, हलक्या रंगांची, जरा अवघडलेली चित्रं होती, त्यांचा कर्ता झाला ‘बॉर्डर लिम्नर’. दोघं वेगळे, यावर जाणकारांना शंकाच नव्हती.

मग १९५०च्या दशकाच्या शेवटी एका जोडप्यानं एक पोर्ट्रेट विकत घेतलं, त्याच्यावर चक्क फिलिप्सचं नाव आणि १८४० साल. कलेतले डिग्रीवाले नव्हेत हे, बाईंची कवी-लेखकांच्या आवाजातल्या रेकॉर्डची कंपनी होती. नावाचा माग काढत दोघं गावोगावची कागदपत्रं आणि जुनी घराणी धुंडाळत गेले, आणि म्हणाले की केंटवाला, बॉर्डरवाला आणि हा फिलिप्स, तिघं एकच. तज्ज्ञांना पटायला वेळ लागला, कारण स्टाइलवरून माणूस ओळखायची त्यांची पद्धतच अडचणीत येत होती. मला विचाराल तर यात नवल काहीच नाही, पन्नास वर्षं गिऱ्हाइकाच्या पसंतीवर पोट भरणारा माणूस फॅशन बदलली की हात बदलणारच! मधल्या काळातली चित्रं सापडत गेली तशी दोन टोकं जुळली आणि १९६०च्या दशकात हे एकीकरण बऱ्यापैकी पक्कं झालं.

पण गंमत बघा, आता सही नसलेली शेकडो चित्रं त्याच्या नावावर आहेत, आणि त्यातली पुष्कळशी पुन्हा स्टाइल बघूनच लावलेली.

लाल फ्रॉकवालीला खरी प्रसिद्धी मिळाली ती या सगळ्यानंतर. त्याच धाटणीच्या लाल फ्रॉकमधली मुलांची आणखी चित्रं त्यानं केलीयत, पण १९९८ला अमेरिकेच्या पोस्टाच्या तिकिटावर गेली ती हीच, मांजर-कुत्र्यासकट.