हिंदी महासागर द्विध्रुव

विषुववृत्ताजवळ हिंदी महासागराचे आफ्रिकेकडचे पाणी आणि सुमात्राकडचे पाणी यांच्या पृष्ठतापमानात पडणारा, दरवर्षी कमीजास्त होणारा फरक. बातम्यांत तो ‘इंडियन ओशन डायपोल’ किंवा नुसता ‘आयओडी’ असतो. साजी, यामागाता आणि सहकाऱ्यांच्या १९९९च्या शोधनिबंधानंतर हे नाव रुळले.

एरवी पूर्वेचे पाणी जास्त उबदार असते. धन अवस्थेत विषुववृत्तावर पूर्वेचे वारे जोर धरतात, उबदार पाणी पश्चिमेला सरकते आणि सुमात्राच्या किनाऱ्याशी खालचे गार पाणी वर येते. त्यामागोमाग ढगही सरकतात : इंडोनेशिया, ऑस्ट्रेलिया कोरडे, पूर्व आफ्रिकेत पूर. ऋण अवस्थेत उलटे. हे सारे मे-जूनमध्ये सुरू होते, सप्टेंबरनंतर ऐन भरात येते आणि वारे पालटले की डिसेंबरच्या सुमारास मोडते. त्यामुळे आपल्या मोसमी पावसाला धन द्विध्रुवाची साथ मिळालीच, तर बहुधा उत्तरार्धात.

एल निनो (प्रशांत महासागराचे विषुववृत्ताजवळचे पाणी नेहमीपेक्षा तापणे) म्हटले की दुष्काळ, हे समीकरण गुजरातेत उगीच रुजलेले नाही. १८९९ हे एल निनोचे वर्ष. त्या वर्षीचा ‘छप्पनियो’, म्हणजे संवत १९५६चा दुष्काळ. १८९१ ते १९०१ या दशकात बडोदा संस्थानाची लोकसंख्या सुमारे २४ लाखांवरून साडेएकोणीस लाखांवर आली. दुष्काळाच्या जोडीला प्लेगही होता. पण १९९७मध्ये एल निनो अतितीव्र असूनही देशात सरासरीच्या १०२ टक्के पाऊस झाला. त्याचे बरेचसे श्रेय धन द्विध्रुवाला दिले जाते.

२०१९चा धन द्विध्रुव नोंदींतल्या सर्वांत तीव्र द्विध्रुवांपैकी. त्या जूनमध्ये देशात ३३ टक्के तूट होती, सप्टेंबरमध्ये ५२ टक्के जादा पाऊस. मध्येच, ३१ जुलैला, वडोदऱ्यात २४ तासांत सुमारे २० इंच कोसळला आणि विश्वामित्री नदीतल्या मगरी सोसायट्यांत शिरल्या. दांडिया बाजारातल्या मराठी घरांत अशा दिवशी दोनच प्रश्न असतात : आजवा जलाशय किती भरला, आणि काळ्या घोड्याच्या पुलाशी पाणी किती फुटांवर? त्यांचे उत्तर आयओडीच्या आकड्यात शोधू नये. द्विध्रुव हंगामाचा कल दाखवतो, एका दिवसाचा पाऊस नव्हे. ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्रीने पुन्हा शहर बुडवले, तेव्हा द्विध्रुव तटस्थ होता. पाऊस आणला तो गुजरातवरून रेंगाळत गेलेल्या तीव्र कमी दाबाच्या क्षेत्राने. पुढे अरबी समुद्रात उतरून त्याचेच ‘असना’ चक्रीवादळ झाले.