एअरबॅगच्या आधी बेल्ट

लग्नसराईत दारव्हा, पुसद, आर्वीकडच्या रस्त्यांवर गाड्या गच्च भरून धावतात. पुढच्या सीटवर आजोबा, त्यांच्या मांडीवर नातू, मागे अख्खं घर. बेल्टचा विषय काढला की ठरलेलं उत्तर येतं, "जवळच त जायचं हाय, बेल्ट कायले लावाचा?" अलीकडे त्यात भर पडली आहे, "गाडीले एअरबॅग हायेत ना!" मला हे दुसरं उत्तर जास्त धोक्याचं वाटतं.

ताशी 60 किलोमीटरने जाणारी गाडी बाभळीवर आदळली की गाडी थांबते. आतला माणूस मात्र त्याच वेगाने पुढे जात राहतो. हा वेग किती? सुमारे 45 फूट खोल कोरड्या विहिरीत पडलेला माणूस तळाला याच वेगाने आपटतो. जीव वाचणं न वाचणं बरंचसं यावर ठरतं, की हा वेग किती अंतरात शून्यावर येतो.

समजा, गाडीचं नाक चेपत चेपत 60 सेंटिमीटर आत गेलं. बेल्ट लावलेला माणूस गाडीला बांधलेला असल्याने त्यालाही थांबायला जवळपास तेवढंच अंतर मिळतं. शरीरावर वजनाच्या साधारण 24 पट जोर येतो. छाती दुखावेल, पण बहुतेकदा जीव वाचेल. बेल्ट नसेल तर तो डॅशबोर्डवर आदळून जेमतेम पाच-सहा सेंटिमीटरात थांबतो आणि जोर दहा पटींहून जास्त वाढतो. हाच हिशेब मांडीवरच्या 10 किलोच्या लेकराला लावा. त्याला धरून ठेवायला हातात सव्वादोन क्विंटलहून जास्त ताकद लागेल. कुठल्याच आईबापाकडे ती नसते, माया कितीही असो.

आजचा तीन ठिकाणी बांधणारा बेल्ट व्होल्वो कंपनीतले अभियंते निल्स बोहलिन यांनी 1959 मध्ये आणला. कंपनीने त्याचं पेटंट सगळ्यांना खुलं ठेवलं, ही मोठीच गोष्ट. बेल्ट हळू ओढा, सहज येतो. हिसका द्या, जागीच अडकतो. गाडी एकदम थांबली तरी तसंच होतं: गुंडाळीजवळची छोटी गोळी किंवा लोलक पुढे सरकतो, खटका दातेरी चाकात अडकवतो आणि पट्टा सुटायचा थांबतो. कमरेचा पट्टा ओटीपोटाखाली, कमरेच्या हाडांवर हवा आणि वरचा खांद्यावरून छातीवर. गरोदर बाईनेही बेल्ट लावायचाच, फक्त खालचा पट्टा पोटाच्या खालून घ्यायचा. पट्टा काखेखालून घेतला तर तो फासळ्यांवर आणि पोटातल्या नाजूक भागांवर येतो.

आता एअरबॅग. धडक कळली की रासायनिक भुकटी पेटते आणि साधारण 30 मिलिसेकंदांत, म्हणजे पापणी लवायच्या आत, पिशवी वायूने भरते. ती ताशी 200 ते 300 किलोमीटरच्या वेगाने बाहेर येते. बेल्ट बांधलेला माणूस पिशवी भरून झाल्यावर तिच्यावर टेकतो. न बांधलेला आधीच पुढे सरकलेला असतो, त्यामुळे फुगत असलेल्या पिशवीचाच तडाखा त्याला बसतो. म्हणून स्टिअरिंगपासून छाती निदान 25 सेंटिमीटर लांब हवी आणि लहान मूल पुढच्या सीटवर नकोच.

आपल्याकडच्या दोन सवयी इथे सांगायलाच हव्यात. रात्री रोही, रानडुकरं आडवी येतात म्हणून बरेच जण पुढे लोखंडी बुल गार्ड बसवतात. पण धडकेचा जोर तो थेट चॅसिसवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर नेतो. नाकाचं चेपणं बिघडतं आणि एअरबॅगच्या सेन्सरचा अंदाजही चुकू शकतो. केंद्र सरकारने डिसेंबर 2017 मध्येच असे गार्ड बेकायदा असल्याचं राज्यांना कळवलं. दुसरी सवय श्रद्धेची आहे. गजानन महाराजांची मूर्ती डॅशबोर्डवर अवश्य असावी, पण एअरबॅगच्या झाकणावर चिकटवलेली नको. पिशवी फुगताना मूर्ती शेजारच्याच्या तोंडावर फेकली जाते. डॅशबोर्डच्या मधोमध जागा असते.

मागच्या सीटवर बेल्ट लागतच नाही, हा समज तर सगळीकडे आहे. मागचा माणूस सुटा असला की धडकेत तो पुढच्याच्या पाठीवर जाऊन आदळतो आणि दोघांनाही धोका होतो. नवीन गाडीला कव्हर घालताना मागची बकलं बहुधा गादीखाली दबून जातात. कव्हर बसवणाऱ्यासमोर उभं राहून ती वर काढून घ्या, आणि एकेक बकल लावून पाहूनच पैसे द्या.