बूट पद्धतीची निवड (ऑपरेटिंग सिस्टिम पोर्ट करताना)

एखादी ऑपरेटिंग सिस्टिम नव्या हार्डवेअरवर न्यायची म्हटली की ड्रायव्हर वगैरे नंतर, आधी ठरवावं लागतं की पॉवर दिल्यापासून कर्नलची (सिस्टिमच्या गाभ्याची) पहिली ओळ चालेपर्यंत मधे कोण कोण असणार आणि आपण ह्या साखळीत कुठे शिरणार. ह्यालाच बूट पद्धतीची निवड म्हणतात. कर्नलच्या हातात ताबा येतो तेव्हा एमएमयू (मेमरीचे पत्ते बदलून देणारा भाग) चालू की बंद, रॅम कुठून कुठपर्यंत, बोर्डावर काय काय जोडलंय हे सांगणार कोण, हा सगळा करार त्यात येतो, आणि एकदा केला की तो पुढे सगळ्या युजरना पाळावा लागतो, म्हणून घाईत ठरवायची ही गोष्ट नाही.

पीसीवाल्यांना हा प्रश्न बरीच वर्षं फारसा पडला नाही. बायोस (पीसीचं जुन्या पद्धतीचं फर्मवेअर) डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर उचलून मेमरीत हेक्स ७सी०० ह्या पत्त्यावर ठेवतो, शेवटचे दोन बाइट ५५ आणि एए दिसले की तिथे उडी मारतो, संपलं. आर्मच्या बोर्डांवर मात्र प्रत्येक चिपचा बूटरॉम (चिपमध्येच कोरलेला पहिला प्रोग्रॅम) वेगळा. बीगलबोन ब्लॅकचा रॉम एसडी कार्डाच्या फॅट पार्टिशनवर एमएलओ नावाची फाइल शोधतो, ऑलविनरच्या चिपा कार्डावर ८ किलोबाइट सोडून पुढे बघतात. डीरॅम, म्हणजे मुख्य मेमरी, अजून चालू झालेली नसते म्हणून आधी चिपच्या आतल्या इवल्याशा मेमरीत (एसरॅममध्ये) मावेल असा छोटा लोडर लागतो, तो डीरॅम चालू करतो आणि मग यू-बूट हा मोठा बूटलोडर येतो. हे काम पोर्ट करणाऱ्याने स्वतःच्या अंगावर घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, डीरॅमचं टायमिंग जुळवण्यात महिने जातात आणि त्यातून तुमची सिस्टिम एक पाऊलही पुढे सरकत नाही.

रास्पबेरी पाय हे शिकायला सगळ्यात चांगलं उदाहरण. पाय ३ वर आधी जागा होतो तो ग्राफिक्सचा व्हिडिओकोर, आर्म कोर तोवर गप्प असतात. तो कार्डावरून आपलं फर्मवेअर वाचतो, कॉन्फिगची फाइल वाचतो, कर्नल८ नावाची इमेज रॅममध्ये ठेवतो, डिव्हाइस ट्रीचा (बोर्डावर काय कुठे आहे त्या यादीचा) पत्ता एक्स-झिरो रजिस्टरमध्ये भरतो आणि मग आर्मला सोडतो. सोपं वाटतं म्हणून बरेच जण थेट हाच मार्ग घेतात आणि सिरियल पोर्टचा पत्ता कोडमध्येच लिहून टाकतात. पाय ३ वर तो हेक्स ३एफ२०१०००, पाय ४ वर एफई२०१०००. म्हणजे तीनवर छान अक्षरं छापणारा कर्नल चारवर टाकला की एक अक्षर येत नाही, माणूस वायर तपासत बसतो, आणि चूक असते ती फर्मवेअरने हातात दिलेली डिव्हाइस ट्री न वाचण्याची. वर तो पोर्ट मुळात ब्लूटूथला जोडलेला असतो, पिनांवर मिनी यूआर्ट हा दुसरा, साधा सिरियल पोर्ट असतो, तेही सांभाळायचं.

मधे यू-बूट घातला तर अजून एक सोय होते, कर्नल टीएफटीपी ह्या साध्या फाइल-प्रोटोकॉलने नेटवर्कवरून ओढता येतो. दर बिल्डला एसडी कार्ड काढा, लॅपटॉपात घाला, कॉपी करा, परत बोर्डात घाला, हा उद्योग दिवसातून चाळीस वेळा केला की ह्या सोयीची किंमत कळते. आपल्या कर्नलला लिनक्सच्या आर्म६४ इमेजचा ६४ बाइटचा हेडर लावला तर यू-बूट त्याला लिनक्स समजूनच सुरू करतो, वेगळं काही शिकवावं लागत नाही.

तिसरा मार्ग यूईएफआयचा, म्हणजे बायोसची जागा घेणाऱ्या फर्मवेअरच्या मानकाचा. फॅट पार्टिशनवर ठरलेल्या जागी ठरलेल्या नावाची फाइल ठेवायची, फर्मवेअर ती चालवतं आणि मेमरीचा नकाशाही देतं. २०१६ पासून यू-बूटमध्येही हे आलं, त्यामुळे साध्या बोर्डांवरही तीच फाइल चालते. इथली एक जागा नीट बघण्यासारखी आहे: फर्मवेअरला निरोप देताना मेमरी नकाशाची किल्ली परत द्यावी लागते, आणि नकाशा घेतल्यानंतर मधे साधं प्रिंट जरी केलं तरी नकाशा बदलू शकतो, किल्ली शिळी होते आणि निरोप नाकारला जातो. आर्म६४ लिनक्सने तर कमाल केलीय, इमेजचे पहिले दोन बाइट एम आणि झेड, जे यूईएफआयला हवेतच, पण तेच बाइट धरून बनणारी पहिली इन्स्ट्रक्शन प्रोसेसरला निरुपद्रवी वाटते, म्हणून एकच फाइल दोन्ही पद्धतींनी बूट होते.

ॲपलच्या एम१ चिपवर ‘असाही लिनक्स’ नावाच्या प्रकल्पाने हाच विचार शेवटपर्यंत नेला. ॲपलचा आयबूट असाहीच्या एम१एन१ ह्या लोडरला सुरू करतो, तो यू-बूटला, आणि यू-बूट यूईएफआय पुरवतो. साखळी लांब आहे खरी, पण त्यापुढे सगळं नेहमीचं, ओपनबीएसडी ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिमसुद्धा ह्याच वाटेने त्या मशीनवर चढलं. विचित्रपणा एका पातळ थरात कोंडायचा आणि कर्नल स्वच्छ ठेवायचा, ही निवड मला सगळ्यात पटते.

रिस्क-फाइव्ह ह्या खुल्या प्रोसेसर-रचनेवर सुरुवातीलाच शिस्त लागली हे बरं झालं. ओपनएसबीआय हा फर्मवेअरचा थर खाली मशीन मोडमध्ये (सगळ्यात जास्त अधिकारांच्या) राहतो, कर्नल वर सुपरव्हायजर मोडमध्ये येतो, ए-झिरो रजिस्टरमध्ये कोराचा नंबर आणि ए-वनमध्ये डिव्हाइस ट्रीचा पत्ता. आपल्याकडे आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे प्रोसेसर रिस्क-फाइव्हचेच. बोर्ड हाताशी नसेल तर क्यूएमू ह्या एम्युलेटरच्या व्हर्ट मशीनवर हाच करार तसाच मिळतो, म्हणून सुरुवात तिथे करावी. फक्त क्यूएमूमधली रॅम शून्याने भरलेली असते आणि कॅशची नक्कल तिथे होत नाही, त्यामुळे बीएसएस (शून्यापासून सुरू व्हायच्या व्हेरिएबलांची जागा) पुसायला विसरलेला कर्नल तिथे मजेत चालतो आणि खऱ्या बोर्डावर पहिल्याच व्हेरिएबलला कचरा वाचून आडवा होतो.