लिनियर प्रोग्रॅमिंग

जमीन, पाणी, पैसा, वेळ यांपैकी जे तुटपुंजे आहे त्याची नफा जास्तीत जास्त किंवा खर्च कमीत कमी होईल अशी वाटणी शोधण्याची गणिती पद्धत. उद्दिष्ट आणि अटी दोन्ही एकघाती असाव्या लागतात: दुप्पट एकराला दुप्पट खर्च, दुप्पट मजूर. सोव्हिएत गणिती लिओनिद कांतोरोविच यांनी १९३९ मध्ये प्लायवूडच्या कामातून अशी गणिते मांडली. ती सोडवण्याची सिम्प्लेक्स पद्धत अमेरिकेत जॉर्ज डँटझिग यांनी १९४७ मध्ये दिली.

परभणीकडचे १० एकर कोरडवाहू रान धरू. आकडे केवळ उदाहरणादाखल. सोयाबीनला एकरी १५,००० रुपये खर्च, ८ मजूर-दिवस आणि १२,००० नफा. कापसाला २५,००० रुपये, २४ मजूर-दिवस आणि २०,००० नफा. मजुरी खर्चात धरलेली. हाताशी २ लाख रुपये, आणि खुरपणी-वेचणीला मिळून १४४ मजूर-दिवस. अटींच्या रेषा आलेखावर काढल्या की एक बहुकोन तयार होतो आणि उत्तम उत्तर त्याच्या एखाद्या कोपऱ्यावर सापडते. सिम्प्लेक्स शून्यापासून निघते आणि कडेने एका कोपऱ्यावरून दुसऱ्यावर जाते. कापसाचा एकरी नफा जास्त, म्हणून आधी कापूस वाढवते. ६ एकरांवर मजूर संपतात, नफा १,२०,०००. मग थोडा कापूस कमी करून सोयाबीन घेते आणि दुसऱ्या पायरीला ६ एकर सोयाबीन, ४ एकर कापूस या कोपऱ्यावर थांबते: नफा १,५२,०००. सगळे रान सोयाबीनखाली घातले तरी १,२०,००० च मिळतात.

उत्तराचा खरा उपयोगी भाग मात्र पुढे आहे. याच गणितातून प्रत्येक अटीची ‘छायाकिंमत’ निघते. इथे एक मजूर-दिवस वाढला तर नफा ५०० रुपयांनी वाढतो (१६० दिवसांपर्यंत), एक एकर वाढला तर ८,००० नी. पैशाची छायाकिंमत शून्य, कारण १०,००० रुपये शिल्लकच राहतात; अशा शेतकऱ्याला जादा पीककर्ज देऊन काही साधत नाही. पेरणीच्या नुसत्या आराखड्यातून हे कळत नाही.

सिम्प्लेक्स व्यवहारात झपाट्याने चालते, पण तशी हमी नाही. क्ली आणि मिंटी या गणितींनी १९७२ मध्ये असे गणित रचले की, डँटझिग यांच्या मूळ नियमाने गेल्यास ३० चलांसाठी सुमारे १०७ कोटी कोपरे फिरावे लागतात. १९७९ मध्ये सोव्हिएत गणिती खाचियान यांच्या लंबगोलज (एलिप्सॉइड) पद्धतीने बहुपदी वेळेची, म्हणजे गणित मोठे झाले तरी वेळ असा भडकणार नाही याची, हमी दिली. प्रत्यक्ष संगणकावर ती रडतखडतच चालली. आयआयटी मुंबईचे पदवीधर नरेंद्र करमरकर यांनी १९८४ मध्ये बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेत असताना कडेकडेने न जाता बहुकोनाच्या आतून वाट काढणारी पद्धत मांडली. हमी आणि वेग दोन्ही मिळाले, आणि स्पर्धेमुळे सिम्प्लेक्सचे प्रोग्रॅमही सुधारले. आजची सॉफ्टवेअर दोन्ही वापरतात: अजस्र गणित आतून, अटी थोड्या बदलून तेच पुन्हा सोडवायचे तर सिम्प्लेक्स.

हे ‘पुन्हा सोडवणे’ मराठवाड्यात कळीचे आहे. जायकवाडीसारख्या धरणासाठी महिन्यागणिक चल धरले जातात: आधीचा साठा अधिक येवा (धरणात येणारे पाणी), वजा बाष्पीभवन, वजा विसर्ग, बरोबर नवा साठा. पिण्याचे पाणी ही न मोडणारी अट, मग कालव्याची आवर्तने आणि उद्योग. येवा मात्र वरच्या नाशिक-अहिल्यानगरच्या पावसावर आणि तिथल्या धरणांवर अवलंबून. म्हणून एकच सरासरी पाऊस धरून काढलेले उत्तर फसवे. चांगल्या, मध्यम आणि दुष्काळी अशा अनेक वर्षांसाठी गणित चालवून पाहावे लागते. बाष्पीभवन पाणपसाऱ्यावर ठरते आणि ते एकघाती नसते, त्यामुळे त्याचा वक्र सरळ रेषांच्या तुकड्यांत मांडतात.

चुका बहुधा मांडणीत होतात. एखादी महत्त्वाची अट विसरली की सॉफ्टवेअर नफा ‘अमर्याद’ सांगू शकते. अटी परस्परविरोधी असल्या तर उत्तरच नाही. तेव्हा कोणती अट किती सैल करायची हे माणसाने ठरवायचे असते. एका ओळीत लिटर आणि दुसरीत टीएमसी असले की पूर्णांकनाच्या चुका फुगतात.

उत्तर अपूर्णांकात येऊ शकते, पण ऊसतोडीच्या टोळ्या १२.६ अशा तुकड्यांत पाठवता येत नाहीत. उत्तर नुसते १३ केले तर वाहनांची अट मोडू शकते, १२ केले तर दुसरे एखादे चांगले जुळणारे उत्तर निसटू शकते. त्यासाठी लँड आणि डॉइग यांची १९६० ची शाखा-सीमा (ब्रँच अँड बाउंड) पद्धत आहे: एकदा ‘१२ किंवा कमी’, एकदा ‘१३ किंवा जास्त’ धरून दोन गणिते, त्यांतून पुन्हा फाटे. फाटे भराभर वाढतात, आणि प्रत्येक फाट्यावर एक लिनियर प्रोग्रॅम सोडवावा लागतो.