आकाशनिरीक्षण : प्राथमिक अभ्यास व स्थळाची निवड

रात्रीच्या आकाशातील ज्योती नुसत्या डोळ्यांनी अथवा लहान साधनांनी ओळखणे आणि त्यांच्या बदलत्या स्थानांची नोंद ठेवणे, यास आकाशनिरीक्षण म्हणतात. खगोलशास्त्राचा प्राथमिक अभ्यास येथूनच सुरू होतो. नवशिक्याचे लक्ष बहुधा आधी दुर्बिणीकडे जाते. वस्तुतः काय दिसेल हे पुष्कळदा दुर्बिणीपेक्षा जागेवर अधिक अवलंबून असते.

आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ८८ तारकासमूह मान्य केले आहेत, पण ते सगळे पाठ करण्याचे कारण नाही. मृग ओळखता आला की त्यातील तीन ताऱ्यांची सरळ रेषा एका बाजूला व्याधाकडे, तर दुसऱ्या बाजूला रोहिणी आणि पुढे कृत्तिकांकडे नेते. सप्तर्षींच्या चौकोनातील शेपटीपासून दूरच्या बाजूचे दोन तारे, पुलह व क्रतू, यांना जोडणारी रेषा त्यांच्यातील अंतराच्या सुमारे पाचपट वाढवली की ध्रुवतारा सापडतो, आणि क्षितिजापासून त्याची उंची जितके अंश, जवळपास तितकाच निरीक्षकाचा अक्षांश असतो. हात लांब करून धरलेली मूठ सुमारे १० अंश व्यापते, म्हणून ही मोजणी उपकरणाशिवायही साधते. तारे दररोज सुमारे ४ मिनिटे लवकर उगवतात. आज रात्री दहाला दिसणारे आकाश महिन्याने आठलाच दिसते. क्रांतिवृत्ताजवळ, म्हणजे आकाशातील सूर्याच्या वार्षिक भासमान मार्गाजवळ, नकाशात नसलेला ठळक ‘तारा’ आढळल्यास तो बहुधा ग्रह असतो.

स्थळाची निवड करताना पहिला विचार प्रकाशप्रदूषणाचा करावा. अमेरिकन हौशी खगोलनिरीक्षक जॉन बॉर्टल यांनी २००१ मध्ये आकाशाच्या काळोखाची नऊ पायऱ्यांची श्रेणी मांडली. तिच्या पहिल्या पायरीवर धनू-वृश्चिक भागातील आकाशगंगेच्या प्रकाशाने जमिनीवर पुसट सावली पडते. नवव्या पायरीवर, म्हणजे शहराच्या मध्यभागी, मोजके ठळक तारे तेवढे उरतात. मोठ्या शहराचा उजेड कित्येक किलोमीटरांवरूनही क्षितिजावर घुमटासारखा दिसतो, तेव्हा जागा अशी असावी की पाहायच्या दिशेला शहर नसेल. उंचावरची कोरडी हवा उपकारक ठरते. हवाईतील मौना केआ शिखरावर, सुमारे ४,२०० मीटर उंचीवर, मोठ्या वेधशाळा आहेत त्या याच कारणाने. क्षितिजापासून ३० अंशांवरील ताऱ्याचा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्याच्या तुलनेत दुप्पट हवेतून येतो, त्यामुळे अंधुक वस्तू माथ्याजवळ असताना पाहाव्यात. पौर्णिमेच्या आसपास मात्र उत्तम जागाही फारशी उपयोगी पडत नाही.

डोळा अंधाराला सरावण्यास २० ते ३० मिनिटे लागतात आणि मोबाइलच्या पडद्याकडे एकदा पाहिले तरी ती मेहनत वाया जाते; नकाशा वाचण्यासाठी मंद लाल उजेड वापरतात तो यासाठीच. मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी दृष्टीच्या केंद्रापासून बाजूला अधिक असल्याने अंधुक वस्तूकडे थेट न बघता किंचित शेजारी बघावे. सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर असलेली देवयानी दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा प्रचंड समूह) या युक्तीने काळोख्या जागी नुसत्या डोळ्यांना धुरकट ठिपक्यासारखी जाणवते.

पहिले साधन म्हणून ७×५० किंवा १०×५० ची (पहिला आकडा किती पट मोठे दिसते तो, दुसरा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास) द्विनेत्री, म्हणजे दोन्ही डोळ्यांनी पाहायची छोटी दुर्बीण, पुरेशी आहे. ती स्थिर धरल्यास १६१० मध्ये गॅलिलिओने पाहिलेले गुरूचे चार उपग्रह दिसू शकतात. शनीची कडी पाहण्यास मात्र लहान का होईना, दुर्बीणच लागते. सप्तर्षींतील वसिष्ठाशेजारची अरुंधती चांगल्या नजरेला साधनाशिवाय दिसते. दुर्बीण लावली की खुद्द वसिष्ठाच्या जागीही एकमेकांना खेटलेले दोन तारे दिसतात.