मांजराचा दात आणि बॉलपेनची रेघ

नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या माझ्या मावशीला गेल्या पावसाळ्यात मांजर चावलं. रोज दुधाला येणारं, ओळखीचं मांजर. उजव्या तर्जनीच्या बुडाशी सुई टोचल्यासारखे दोन टिपके पडले आणि रक्ताचा जेमतेम एक थेंब आला. तिने त्यावर हळद दाबली आणि पोळ्या लाटायला घेतल्या. "काही नाही होत बेटा, मांजरच तं आहे." ही संध्याकाळची गोष्ट. सकाळी बोट टरटरून सुजलं होतं आणि ते सरळ करू गेलं की ती कळवळत होती.

जखम केवढी दिसते यावरून आपण तिचा धोका मोजतो, आणि चावलेल्या जखमेत हे माप हमखास चुकतं. कुत्र्याचा जबडा दाबतो, फाडतो. जखम भयानक दिसते, पण उघडी असते, धुता येते. मांजराचा दात बारीक आणि अणकुचीदार असतो. तो बोटाच्या सांध्यापर्यंत किंवा स्नायूबंधाच्या (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीच्या) आवरणापर्यंत जातो, तोंडातले जंतू तिथे सोडतो आणि बाहेर निघतो. वरचं भोक थोड्याच वेळात मिटतं. म्हणूनच मांजराच्या चाव्यांमध्ये जंतुसंसर्ग होण्याचं प्रमाण कुत्र्याच्या चाव्यांपेक्षा कितीतरी जास्त आहे, हातावर तर विशेष.

रात्रीतून सूज येणं हीच जंतूची ओळख असते. बहुतेक मांजरांच्या तोंडात पाश्चुरेला मल्टोसिडा नावाचा जीवाणू राहतो. कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर काम करताना लुई पाश्चरने त्याचा अभ्यास केला, म्हणून हे नाव. तो १२ ते २४ तासांत लाली, सूज आणि ठणका आणतो. आपल्या कातडीवरचे नेहमीचे जंतू सहसा याहून उशिरा त्रास देतात. औषधाची निवडही इथेच बदलते. त्वचेच्या संसर्गाला नेहमी दिली जाणारी सेफॅलेक्सिन किंवा एरिथ्रोमायसिनसारखी औषधं पाश्चुरेलावर नीट चालत नाहीत. डॉक्टर बहुधा अमोक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनेट देतात, पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर दुसरं. घरात उरलेली कुठलीतरी अँटिबायोटिक गोळी घेऊन वाट पाहणं म्हणजे जंतूला वेळ देणं.

बोटाच्या बाबतीत डॉक्टर चार गोष्टी पाहतात. संपूर्ण बोट सारखं सुजलंय का, ते किंचित वाकलेलं राहतं का, तळव्याकडच्या बाजूने दाबलं की लांबीभर दुखतं का, आणि दुसऱ्याने सरळ केलं तर जीव जातो का. शिकागोचे सर्जन ॲलन कॅनव्हेल यांच्या नावाने ही लक्षणं ओळखली जातात. स्नायूबंधाच्या आवरणात पू झाला असेल, तर काही तासांत शस्त्रक्रियेचा निर्णय घ्यावा लागतो, नाहीतर बोट कायमचं आखडतं. मावशीला यातली दोन लक्षणं होती.

आणखी एक जखम लोक लपवतात. भांडणात समोरच्याच्या तोंडावर ठोसा मारला आणि दात आपल्याच मुठीच्या उंचवट्यावर घुसला, अशी. डॉक्टरला "दार लागलं" म्हणून सांगतात. मूठ उघडली की स्नायूबंध मागे सरकतो आणि दातावरचे जंतू सांध्यात कोंडले जातात. माणसाचं तोंड जंतूंच्या बाबतीत कुत्र्यामांजराच्या तोंडाहून स्वच्छ नसतं. इथे खरं सांगण्यानेच हात वाचतो.

आता रेबीज. आपल्याकडे तिखट, चुना, तेल, हळद हे सगळं जखमेत भरलं जातं, आणि ते पाहून मला खरंच वाईट वाटतं, कारण योग्य औषध घरातच असतं: नळ आणि साबण. रेबीजच्या विषाणूभोवती चरबीचं पातळ आवरण असतं, साबण ते विरघळवतो. वाहत्या पाण्याखाली पूर्ण १५ मिनिटं, घड्याळ लावून धुवायचं, मग पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावायचं. कुत्रा असो, मांजर असो की रामटेकच्या गडावर प्रसाद हिसकावताना ओरबाडणारं माकड, पहिलं काम हेच. रक्त निघालं असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. लसीमुळे शरीर स्वतःचं संरक्षण तयार करायला आठवडाभर किंवा जास्त घेतं. तेवढे दिवस निभावून न्यायला इम्युनोग्लोब्युलिनचं हे तयार संरक्षण थेट जखमेत आणि तिच्याभोवती टोचतात. दुखतं म्हणून लोक ते टाळतात. टाळू नका. लक्षणं दिसू लागल्यावर रेबीजवर जवळजवळ काहीच चालत नाही.

पोटात १४ इंजेक्शनांची भीती अजून गेलेली नाही. ती मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली जुनी लस होती, ती बंद होऊन बरीच वर्षं झाली. आता नागपूरच्या मेडिकल, मेयोसारख्या सरकारी रुग्णालयांत दंडाच्या कातडीत ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी लस टोचतात. स्नायूत घेतली तर वेळापत्रक वेगळं. धनुर्वाताचं इंजेक्शन पूर्वी कधी घेतलं, तेही सांगायचं.

"टाके का नाही घातले?" असं नातेवाईक चिडून विचारतात. टाके घालणं म्हणजे जंतूंना आत कोंडणं, शिवाय सुई विषाणूला मज्जातंतूंपर्यंत ढकलू शकते. चेहऱ्याची जखम अनेकदा शिवतात, कारण तिथे रक्तपुरवठा भरपूर असतो. तीही आधी इम्युनोग्लोब्युलिन टोचून, सैलसर.

विदर्भात एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. इथे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत आणि या आजारात रक्तातले जंतू गाळणारी प्लीहा अनेकदा निकामी होते. कुत्र्याच्या लाळेतला कॅप्नोसायटोफॅगा हा जीवाणू अशा माणसाच्या रक्तात झपाट्याने पसरू शकतो. त्यामुळे सिकलसेलच्या रुग्णाने छोट्याशा चाव्यालाही त्याच दिवशी रुग्णालय गाठावं आणि आपला आजार आधी सांगावा. मधुमेहींनीही तसंच.

संसर्ग पसरतोय का, हे घरी कळायला एक बॉलपेन पुरतं. सुजेच्या कडेने रेघ ओढायची, शेजारी वेळ लिहायची. आपल्या सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, तेव्हा उलट्या हाताने ऊब आणि ताण चाचपायचा. कातडीखाली पसरणाऱ्या अशा सुजेला जुनी माणसं धावरं म्हणायची. ते खरंच धावतं. रेघ ओलांडली, हातावर वर चढणारी लाल रेषा दिसली, काखेत अवधाण (दुखरी गाठ) आलं, ताप भरला, तर थांबायचं नाही. आणि दिसतंय त्यापेक्षा दुखणं फारच जास्त असेल, कातडी करडी पडली, फोड आले, दाबल्यावर कुरकुर वाजलं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं. त्या संसर्गात आतले थर मरत जातात आणि तिथे तासांचा हिशेब असतो. गळवासारखा पू साठला असेल तर गोळ्या तिथपर्यंत धड पोचत नाहीत. चीर देऊन तो काढावाच लागतो.

मावशीच्या हातावर मी मनगटाशी रेघ ओढली होती. शिरेतून औषध सुरू झालं, हात उंच बांधून ठेवला. दुसऱ्या दिवशी सूज रेघेच्या आत आली, तिसऱ्या दिवशी बोट जरासं वाकवता आलं. लसीचं कार्ड तिने देवघराच्या दाराला लावलं होतं. २८ व्या दिवशी बोट पूर्ण बरं होतं, तरी ती सकाळीच छत्री घेऊन शेवटचा डोस घ्यायला निघाली.