उशी, बॉनेट आणि फुटपाथची कड

वाहन परवान्याच्या चाचणीच्या आदल्या आठवड्यापर्यंत माझी गाडी दर वेळी फुटपाथपासून दीड वीत अंतरावर, अगदी ठरल्याप्रमाणे थांबत असे. मग कंबर दुखते म्हणून सीटवर एक उशी घेतली आणि त्याच दिवसापासून चाके कडेला जवळजवळ चिकटू लागली. शिकवणाऱ्यांनी दिलेली खूण बदललेली नव्हती : बॉनेटच्या मध्यावर फुटपाथची कड आलेली दिसली, की गाडी योग्य अंतरावर आहे असे समजून सरळ जायचे. मी तेच करत होतो. खूण बरोबर जुळत होती आणि गाडी मात्र चुकत होती. या कोड्याचे उत्तर शाळेत शिकलेल्या समरूप त्रिकोणांत आहे, आणि ते कळल्यावर गाडी कडेला लावण्याची निम्मी धास्ती कमी होते.

गाडीला समोरून पाहिल्यासारखा एक छेद कागदावर काढा. चालकाचा डोळा हा एक बिंदू, बॉनेटच्या मधोमध असलेली खूण हा दुसरा आणि फुटपाथची कड जिथे रस्त्याला टेकते तो तिसरा. गाडी कडेला समांतर असेल, तर हे तीनही बिंदू एका सरळ रेषेत आले म्हणजेच ‘खूण जुळली’. आता आकडे घालून पाहू. गाडी १.७ मीटर रुंद आहे, चालक तिच्या मध्यरेषेपासून ३५ सेंटिमीटर, फुटपाथच्या विरुद्ध बाजूला बसला आहे आणि त्याचा डोळा रस्त्यापासून १.२ मीटर उंचीवर आहे, असे धरू. गाडी कडेपासून ३० सेंटिमीटरवर असताना डोळ्यापासून कडेपर्यंतचे आडवे अंतर १.५ मीटर भरते. बॉनेटचा मध्य डोळ्यापेक्षा २८ सेंटिमीटर खाली असेल, तर डोळ्यातून निघालेली दृष्टिरेषा त्याला स्पर्श करून नेमकी कडेच्या पायाशी पोचते.

आता उशी घेऊ. दबल्यानंतर तिने डोळा पाच सेंटिमीटरच वर नेला, तर बॉनेट डोळ्यापेक्षा ३३ सेंटिमीटर खाली गेले, दृष्टिरेषा अधिक उभी झाली आणि ती रस्त्याला पूर्वीपेक्षा अलीकडे टेकू लागली. गणित केल्यास खूण जुळते तेव्हा गाडी कडेपासून ३० नव्हे, तर सुमारे १३ सेंटिमीटरवर असते. उलट, सीट पाच सेंटिमीटर खाली गेली, तर त्याच खुणेवर गाडी अर्ध्या मीटरहूनही दूर राहते. अंतर नीट दिसावे म्हणून चालक पाच सेंटिमीटर फुटपाथच्या बाजूला झुकला, तरी उशीइतकाच घोटाळा होतो, आणि गंमत अशी की झुकण्याची ही सवय नेमकी काळजीपूर्वक गाडी लावू पाहणाऱ्यालाच असते. डोळा खुणेच्या फार जवळ आणि कड बरीच दूर, त्यामुळे डोळ्याची छोटी हालचाल रस्त्यावर तिपटी-चौपटीने मोठी होऊन उतरते.

म्हणजे खूण काचेवर किंवा बॉनेटवर नसते. ती डोळा आणि गाडी यांच्यामधल्या संबंधात असते. काही जण खुणांच्या आधारे शिकवण्याला नाके मुरडतात आणि ‘अंदाज यायला हवा’ असे सांगतात. मला ते पटत नाही, कारण नवख्याकडे अंदाज नसतो, म्हणूनच तो शिकायला आलेला असतो. मात्र दुसऱ्याने दिलेली खूण तशीच उचलणे व्यर्थ आहे. आधी सीटची उंची, पुढे-मागे अंतर आणि पाठीचा कल कायमचा ठरवावा, मग कुणाच्या तरी मदतीने गाडी कडेपासून योग्य अंतरावर समांतर उभी करावी, आणि आपल्या डोळ्यांना कड बॉनेटच्या कोणत्या भागावर येते ते पाहून घ्यावे. चाचणीला वेगळी गाडी मिळणार असेल, तर हे माप पुन्हा घ्यावे लागते.

वरच्या हिशेबातली ‘समांतर’ ही अट मात्र सोडून चालत नाही. गाडी तिरकी असताना कड त्या खुणेवरून सरकत जाते, म्हणून कडेकडे येताना खुणेचा उपयोग अंतर मोजण्यासाठी नसून स्टिअरिंग उलट फिरवण्याची वेळ ओळखण्यासाठी असतो. तिरकेपणा डोळ्यांना किती फसवा असतो हेही पाहण्यासारखे आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये अडीच मीटर अंतर असलेली गाडी केवळ पाच अंशांनी तिरकी राहिली, तर पुढचे चाक मागच्या चाकापेक्षा २२ सेंटिमीटर कडेच्या जवळ असते, आणि आतून पाहताना गाडी सरळच वाटते. म्हणून थांबण्यापूर्वी बाजूच्या आरशात मागच्या चाकाजवळची फट पाहणे आवश्यक आहे. आरसा बहिर्गोल असेल, तर ती फट प्रत्यक्षापेक्षा लहान दिसते. मात्र गाडीची बाजू आणि कड एकमेकींना समांतर आहेत की नाही, हे त्यातही चांगले कळते.

मागच्या चाकाकडे एवढे लक्ष द्यायचे दुसरे कारण वळणाच्या भूमितीत आहे. वळताना गाडीची चारही चाके एकाच केंद्राभोवती फिरायला हवीत, अन्यथा काही चाके घसटत जातील. त्यासाठी आतल्या बाजूचे पुढचे चाक बाहेरच्या चाकापेक्षा जास्त वळावे लागते. ही रचना म्यूनिकचे घोडागाड्या बांधणारे कारागीर गेओर्ग लांकेन्सपेर्गर यांची. तिचे पेटंट १८१८ मध्ये लंडनमध्ये रुडॉल्फ अकरमान यांनी आपल्या नावावर घेतले आणि आजही ती अकरमान यांच्याच नावाने ओळखली जाते. मागची चाके वळत नसल्यामुळे वळणाचे केंद्र नेहमी मागच्या आसाच्या वाढवलेल्या रेषेवर राहते. साहजिकच गाडीचा मागचा भाग लहान वर्तुळात फिरतो आणि पुढचा कोपरा मोठ्या वर्तुळात बाहेर झेपावतो. ज्या गाडीच्या बाहेरच्या पुढच्या चाकाची वळणत्रिज्या ५.२ मीटर आहे आणि जिचे नाक पुढच्या आसापासून ८० सेंटिमीटर पुढे आहे, तिचा हा कोपरा मागच्या बाहेरच्या चाकाच्या वर्तुळापेक्षा एक मीटरहून थोडा अधिक बाहेरून जातो. रिव्हर्स घेताना सगळे लक्ष मागे असते आणि गाडीचे नाक शेजारच्या गाडीला लागते, ते यामुळे.

याच भूमितीवरून २००९ मध्ये रॉयल हॉलोवे, लंडन विद्यापीठातील गणितज्ञ सायमन ब्लॅकबर्न यांनी दोन गाड्यांमध्ये समांतर पार्किंगसाठी किमान किती जागा लागते याचे सूत्र मांडले. वर घेतलेल्या गाडीचे आकडे त्यात घातले आणि शेजारची गाडीही तेवढीच रुंद धरली, तर गाडीच्या लांबीपेक्षा साधारण १.५५ मीटर जास्त जागा पुरते. अर्थात त्यात चालकाच्या चुकीला एक सेंटिमीटरचीही सूट नाही, त्यामुळे रस्त्यावर हा आकडा उपयोगी पडेल अशी आशा कुणी धरू नये. त्यातून दिसते ते एवढेच, की जागा पुरते की नाही हे धाडसावर नव्हे, तर वळणत्रिज्या, आसांमधले अंतर आणि नाकाची लांबी यांवर ठरते.

वेगाचा मुद्दा लहान आहे, पण निर्णायक आहे. स्टिअरिंग मधून एका बाजूला पूर्ण फिरवायला अडीच सेकंद लागतात असे मानले, तर ताशी २ किलोमीटर वेगाने तेवढ्यात गाडी सुमारे १.४ मीटर सरकते आणि ताशी ६ किलोमीटरने चार मीटरहून अधिक, म्हणजे एका लहान गाडीच्या लांबीइतकी. खूण दिसल्यावर हात कितीही चपळ चालले, तरी ताशी ६ किलोमीटरने येणाऱ्याची गाडी खुणेपासून कधीच पुढे गेलेली असते. पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये हाताच्या हालचालींबाबत दाखवले होते, की लक्ष्य जितके लहान किंवा दूर तितका ते गाठायला वेळ जास्त लागतो. क्लच आणि ब्रेक सांभाळत गाडी मुंगीच्या पावलांनी नेणे म्हणजे हाच वेळ विकत घेणे. ‘गाडी हळू, हात भरभर’ हे शिकवणाऱ्यांचे नेहमीचे बोल भौतिकशास्त्राला धरूनच आहेत.

राहिला प्रश्न सरावाचा. एकाच जागी, एकाच बाजूने वीस वेळा गाडी लावली की विसावी वेळ छान जमते आणि मन खूश होते. जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन यांनी १९७९ मध्ये हाताच्या हालचालींचे तीन प्रकार काहींना ओळीने, तर काहींना मिसळून शिकवले. मिसळून शिकणारे सरावादरम्यान मागे पडले, पण दहा दिवसांनी घेतलेल्या परीक्षेत त्यांची कामगिरी सरस ठरली. तो प्रयोग गाडीवरचा नव्हता, तरी एकदा कडेला थांबणे, मग रिव्हर्स, मग पुन्हा वेगळ्या कडेला थांबणे असा मिसळलेला क्रम ठेवायला काहीच हरकत नाही. मी तसा सराव सुरू केला तेव्हा पहिले दोन दिवस निम्म्या वेळा अंतर चुकले, आणि प्रत्येक चुकीनंतर खाली उतरून मागच्या चाकाजवळची फट पट्टीने मोजावी लागली. उशी अर्थातच त्याआधीच डिकीत गेली होती.